टीसीएम बदलण्याआधी मल्टीमीटर काढा: लहान गॅरेज, ऑटोमॅटिक गाडी आणि मोठा खर्च



समजा, जवळा बाजारला मेन रोडवर तुमचं गॅरेज आहे. सकाळी सकाळी एका गुरुजींचा फोन येतो. "मिस्त्री, शाळेला निघालो होतो. सेल्फ लागतोय, पण गिअर पडंना. मीटरवर नुसतं 'एन' लुकलुकतंय."

तुम्ही जाता, स्कॅनर लावता. कोड दिसतो पी ०७००. सोबतचा पोरगा लगेच म्हणतो, "उस्ताद, टीसीएम गेला. मागवू का?"

थांबा. आजचा सगळा विषय या एका प्रश्नाचा आहे. "मागवू का?" याचं उत्तर घाईत 'हो' दिलं तर मालकाचे पैसे जातात, तुमचं नाव जातं, आणि बऱ्याचदा गाडी आहे तिथेच उभी राहते.

हा डबा करतो काय?

टीसीएम म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोल मोड्यूल. गाडीचा वेग, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, ब्रेकवर पाय आहे का, गिअर आणि क्लच कुठे आहेत, ही माहिती सेन्सरकडून घ्यायची आणि त्यावरून गिअर बदलायचा हुकूम द्यायचा, एवढं त्याचं काम. हात-पाय दुसऱ्याचे, डोकं याचं.

आपल्याकडे खेड्यापाड्यात हा विषय आला तो एएमटीमुळे. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत एएमटी आणली. आत गिअरबॉक्स साधाच, मॅन्युअलचा. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी ॲक्चुएटर बसवलेला. सुरुवातीच्या त्या गाड्यांची वॉरंटी कधीच संपली. आता त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि दुरुस्तीला तुमच्या दारात येतायत. म्हणजे धंदा आहे. पण तो निदानाचा धंदा आहे, नुसता पार्ट बदलायचा नाही.

कोड म्हणजे निकाल नाही

पी ०७०० चा अर्थ "टीसीएम खराब" असा नाही. त्याचा अर्थ "गिअरच्या यंत्रणेत काहीतरी बिघाड नोंदवलाय, आत जाऊन बघा" असा आहे. खरी माहिती टीसीएमच्या आतल्या कोडमध्ये असते. नुसतं इंजिन वाचणारा स्वस्त स्कॅनर तिथपर्यंत पोचतच नाही. यू ०१०१ आला तर "टीसीएमशी बोलणं होत नाही" एवढंच समजायचं. घरातला माणूस फोन उचलत नाही म्हणून तो वारलाच असं आपण म्हणत नाही. रेंज नसेल, चार्जिंग संपलं असेल. इथेही तसंच.

मागवण्याआधी चार तपासण्या

१. बॅटरी. गाडी काही तास उभी असताना चांगली चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना माप ९.६ च्या खाली गेलं तर आधी बॅटरी बघा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवं. कमी व्होल्टेजवर मोड्यूल वेड्यासारखं वागतं आणि भलतेच कोड टाकतं.

२. अर्थिंग. हेडलाइट आणि ब्लोअर चालू करा. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मोड्यूलच्या अर्थ पिनला. कपलर जोडलेलाच ठेवा, मागच्या बाजूने बारीक प्रोब सरकवा. माप ०.१ व्होल्टच्या आत हवं. बरंच जास्त आलं तर गंजलेला बोल्ट किंवा तुटत आलेली अर्थची पट्टी शोधा. दुरुस्ती सँडपेपरवर भागू शकते.

३. फ्यूज, कपलर आणि उंदीर. हसू नका. सोयाबीन-हळद घरात येऊन पडली की उंदीर येतात आणि रात्री गरम बोनेटखाली जाऊन बसतात. वायरिंगची पूर्ण रांग हाताने चाचपा. कपलर उघडून हिरवा गंज, पाणी, वाकडी पिन बघा. नुकतंच प्रेशरने इंजिन धुतलंय का, उलटी बॅटरी लावून जंप-स्टार्ट केलंय का, बॅटरी न काढता वेल्डिंग केलंय का, हे मालकाला स्पष्ट विचारा.

४. बोलण्याच्या दोन तारा. मोड्यूल एकमेकांशी कॅन नावाच्या दोन तारांवरून बोलतात. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम म्हणजे ठीक. १२० म्हणजे एका टोकाचा संबंध तुटलाय. शून्याजवळ म्हणजे तारा एकमेकींना टेकल्यात. मधे गेटवे असलेल्या गाडीत हे माप लागू पडत नाही. तिथे त्या गाडीची वायरिंग डायग्राम बघावी लागते.

आता निर्णय. मोड्यूलपर्यंत करंट पोचतोय, अर्थ चांगला आहे, तारा ठीक आहेत, गाडीतले बाकीचे मोड्यूल बोलतायत आणि हाच गप्प आहे. किंवा मोड्यूलच्या आतल्या मेमरीचा बिघाड सांगणारा पी ०६०१ सारखा कोड पुसला तरी परत परत येतोय. मगच म्हणायचं, "टीसीएम गेला."

कारण सोडून डबा बदलला तर?

एक मोठं उदाहरण सांगतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने ७ गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सच्या जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. उष्ण-दमट हवेत, थांबत-थांबत चालवताना, गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रिक पुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता, आणि त्याचा संबंध आतल्या सिंथेटिक तेलाशी होता. उपाय काय केला? तेल बदलून मिनरल तेल भरलं. म्हणजे बिघाड दिसतो इलेक्ट्रिकचा आणि मूळ असतं तेलात. नुसतं इलेक्ट्रॉनिक्स बदलून जुनंच तेल ठेवलं असतं तर दुखणं कायम राहिलं असतं. म्हणून मोड्यूल जळालं असेल तर आधी विचारा, कशाने जळालं?

खरंच बदलायचं ठरलं तर

आधी चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा की या गाडीवर कंपनीची काही मोफत मोहीम चालू आहे का. मग जुन्या डब्यावरचा पार्ट नंबर अक्षर-अक्षर जुळवा. दिसायला सारखा म्हणजे तोच, असं नसतं. भंगारातला स्वस्त मिळतो, पण त्यात दुसऱ्या गाडीची ओळख भरलेली असते; बऱ्याच गाड्यांत तो तसाच चालत नाही. प्रोग्रॅमिंग कोण करणार, जागेवर येऊन की गाडी परभणी-नांदेडला टो करून न्यावी लागणार, हे पैसे देण्याआधी ठरवा.

बदलताना जुना मोड्यूल बोलत असेल तर त्यातली माहिती स्कॅनरने उतरवून ठेवा. गाडी सपाटीला घ्या, चाकाला ओट लावा. स्विच बंद करून काही मिनिटं थांबा, मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. गाडीच्या लोखंडाला हात लावून अंगातला स्टॅटिक उतरवा आणि मोड्यूलच्या पिनांना बोट लावू नका. एएमटीचे हायड्रॉलिक पाइप सैल करू नका, आत दाब साठलेला असतो. आणि ज्या गाडीत मोड्यूल गिअरबॉक्सच्या आतच असतं, डीएसजीसारखं, तिथे योग्य टूल आणि ट्रेनिंग नसेल तर सरळ नाही म्हणा. नाही म्हणण्यात कमीपणा नाही.

बसवल्यावर काम अर्धंच झालेलं असतं. स्कॅनरने गाडीची ओळख भरा, मग क्लच आणि गिअरचं लर्निंग करा. नवीन मोड्यूलला या गाडीचा क्लच किती झिजलाय ते माहीतच नसतं. लर्निंग केलं नाही तर गाडी झटके देते किंवा हलतच नाही. शेवटी औंढ्याच्या रस्त्याला ट्रायल, कोड परत तपासणी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर आणखी एकदा.

आता धंद्याचा हिशेब

हिशेबापुरता धरा, मोड्यूल २५ हजारांचा आणि तुमची निदानाची फी ८०० रुपये. इलेक्ट्रॉनिक पार्ट एकदा बसवला की दुकानदार सहसा परत घेत नाही. अंदाज चुकला आणि भरपाई तुमच्यावर आली, तर ती भरून काढायला ३१ हून जास्त गाड्यांची फी जाते. उलट, तासभर मोजमाप करून बिघाड अर्थिंगमध्ये सापडला तर गुरुजींचे २५ हजार वाचले. ते ८०० रुपये खुशीने देतील आणि शाळेतल्या चार जणांना तुमचं नाव सांगतील.

पण फी आधी सांगा. असं बोला: "गुरुजी, तपासायचे ८०० होतील, बिघाड कुठेही निघो. मोजून दाखवतो, मग तुम्ही सांगाल तसं करू." आणि मोजून खरंच दाखवा. मल्टीमीटरवरचा आकडा माणसाला समजतो.

आज एकच काम करा. जॉब कार्डवर चार रकाने वाढवा: बॅटरी, अर्थिंग, वायरिंग, कॅन. चारही भरल्याशिवाय मोड्यूलची ऑर्डर द्यायची नाही, असा नियम पोरांना सांगून टाका.

तुमच्याकडे अशी गाडी आली असेल तर बिघाड शेवटी कुठे निघाला ते खाली नक्की लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.