खेळातला पहिला दिवस आणि आपले घर

साकीनाक्याच्या गल्ल्यांत मोठी मुले हल्ली ‘प्रोजेक्ट झॉमबॉइड’ या संगणकावरील खेळाविषयी बोलताना ऐकू येतात. ‘द इंडी स्टोन’चा हा खेळ २०१३ पासून स्टीमवर मिळतो. जुलै १९९३ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात साथ पसरते, मेलेली माणसे झोंबी होऊन फिरू लागतात आणि खेळणाऱ्याने जिवंत राहायचे असते. त्यात रक्तपात आहे, म्हणून लहान मुलांच्या हाती तो देऊ नये. थोरले मूल खेळत असेल, तर अम्मी-अब्बांनी एकदा शेजारी बसून पाहावे.

नवशिके बहुधा लढण्याच्या घाईत मरतात. जाणता खेळाडू आधी पाणी भरतो. सुरुवातीला नळ आणि वीज चालू असतात, पुढे दोन्ही बंद पडतात. म्हणून पहिल्याच दिवशी भांडी, बाटल्या भरून ठेवायच्या. नासणारे अन्न आधी खायचे, डबाबंद राखून ठेवायचे. काच फोडली तर हात कापतो आणि आवाजाने झोंबी जमतात, म्हणून आधी दरवाजा उघडा आहे का ते पाहायचे. रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडकीला चादर लावायची. जखमेसाठी कपड्याच्या पट्ट्या हाताशी हव्यात. पाठीवर ओझे फार झाले की चाल मंदावते. हातोडी, खिळे, फळ्या मिळाल्या की खिडक्या ठोकून बंद करायच्या, पण बाहेर पडायला दुसरी वाट राखायची.

ही शिस्त आपल्या वस्तीला परकी नाही. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाची सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली. मिठी नदी फुगली. साकीनाक्यात दरड कोसळून घरे गाडली गेली, अनेक जीव गेले. खेळात पात्र मेले तर नवे पात्र घेऊन पुन्हा सुरुवात करता येते. इथे ती सोय नाही.

हजरत युसूफ (अ.) यांनी मिसरमध्ये सुकाळाच्या वर्षांत दुष्काळासाठी धान्य राखले. तयारी करणे हा तवक्कुलचाच भाग आहे, हे त्या किश्श्यातून मुलांना सांगता येते.

आम्ही सुचवतो, पावसाळ्याआधी एका रविवारी हे काम खेळणाऱ्या मुलावरच सोपवावे. पिण्याच्या पाण्याचे झाकणबंद कॅन, चणे-खजूर, टॉर्च, दादा-दादींची रोजची औषधे, पट्टी आणि जंतुनाशक त्याने एकत्र ठेवावे. आधार कार्ड, रेशन कार्ड, गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधाव्यात. महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ दारामागे लिहावा. पाणी चढले तर कोणत्या जिन्याने वर जायचे आणि शेजारच्या म्हाताऱ्या खालांना कोण उचलणार, हेही त्याच दिवशी ठरवावे. खेळात माणूस बहुधा एकटाच जगतो. मोहल्ल्यात मात्र एकमेकांच्या आधाराने जगायचे असते.