ब्लेचली पार्क : कारकुनीची करामत

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे संकेतभेदक जिथे बसत, त्या ब्लेचली पार्कमध्ये आता संग्रहालय आहे. लंडनहून रेल्वेने तिथे जाणारा पाहुणा बहुधा एकाच नावाच्या ओढीने जातो : गणितज्ञ ॲलन ट्युरिंग. पण दिवसभर तिथल्या लाकडी बराकी हिंडून पाहिल्या, तर डोळ्यांत भरतात ती टेबले, कागदांचे ट्रे आणि नोंदींची कार्डे. एखादे जुने सरकारी कचेरीचे दालन पाहावे, तसाच हा देखावा. ‘कारकुनी’ हा शब्द आपण हेटाळणीने वापरतो. जर्मनांचे एनिग्मा हे संकेतयंत्र मात्र बऱ्याच अंशी कारकुनीपुढेच हरले.

या यंत्राच्या मांडण्या १५९ वर अठरा शून्ये, इतक्या. त्यात किल्ली, म्हणजे त्या दिवसाची मांडणी, साधारणपणे रोज बदले. एकेक करून त्या तपासणे अशक्यच. पण यंत्रात एक खोट होती : कोणतेही अक्षर सांकेतिक रूपात तेच राहत नसे. जर्मनांचे हवामानाचे संदेश ठरावीक साच्यातले असत. म्हणून ‘हवामान अंदाज’ या अर्थाचा जर्मन शब्द सांकेतिक मजकुराखाली धरून पुढे सरकवायचा. वरचे आणि खालचे एक जरी अक्षर जुळले, तरी ती जागा बाद. उरलेल्या जागेवरून ट्युरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांनी रचलेल्या ‘बॉम्ब’ यंत्राची जुळणी होई आणि ते अशक्य मांडण्या गाळून टाकी. मात्र कोणता शब्द कुठे यावा, हा अंदाज बांधायचा तर आधीचे संदेश टिपून, लावून ठेवलेले हवेत. अशा सगळ्या कामांसाठी १९४५ च्या सुरुवातीला इथे नऊ हजारांच्या आसपास माणसे राबत होती आणि त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या.

यावर कोणी म्हणेल, कारकून हजारो मिळतील, ट्युरिंग एकच. आक्षेप खोटा नाही. पोलंडच्या मारियान रेयेव्स्कीने १९३२ मध्ये गणिताच्या बळावर एनिग्माचा भेद केला नसता, तर ब्रिटिशांची वाट कितीतरी बिकट झाली असती. पण १९४२ चा दाखला पाहा. फेब्रुवारीत अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांनी यंत्रातल्या फिरत्या चक्रांत चौथ्याची भर घातली आणि सुमारे दहा महिने त्यांचे संदेश वाचता येईनात. ट्युरिंग तेव्हाही होताच. कोंडी फुटली ती ऑक्टोबरअखेरीस ‘यू-५५९’ या बुडत्या पाणबुडीतून हाती आलेल्या हवामान-संकेतांच्या पुस्तिकेमुळे. ती मिळवताना टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर हे नौसैनिक पाणबुडीबरोबरच बुडाले. प्रतिभेलाही कच्चा माल लागतो. तो कोणीतरी आणावा लागतो, जपावा लागतो.

तरीही इतिहासाला एकच चेहरा आवडतो. हे काम १९७० च्या दशकापर्यंत गुपित राहिले, आणि तोवर कार्डे लिहिणाऱ्या कित्येकींनी घरीही तोंड उघडले नव्हते. संग्रहालयात ट्युरिंगचा पुतळा आहे, तो एनिग्मासमोर बसलेला. तो अखंड शिळेतून कोरलेला नाही. वेल्समधल्या पाटीच्या दगडाचे सुमारे पाच लाख तुकडे थरावर थर रचून तो उभा केला आहे.