न पाहिलेल्या अशिलांची वकिली

'बॅरिस्टर' हा शब्द आमच्या घरांतून तीन-चार पिढ्या वावरत आहे. लिंकन्स इन् किंवा ग्रेज इन् येथून सनद घेऊन आलेला, उलटतपासणीनें साक्षीदाराची भंबेरी उडविणारा, फांसावर जाणाऱ्यास सोडवून आणणारा पुरुष, अशी त्या शब्दाभोंवतीं एक मूर्ति जमली आहे. परंतु लंडनांतील ज्या बॅरिस्टरांचीं नांवें आज आदरानें घेतलीं जातात, त्यांपैकीं कित्येकांचा खुनाच्या खटल्यांशीं संबंधच येत नाहीं. एखाद्या कंपनीनें स्पर्धेची गळचेपी केली काय, आणि केली असल्यास लाखों गिऱ्हाइकांस एकाच दाव्यांत भरपाई मिळेल काय, हा त्यांचा नित्याचा प्रश्न.

असे दावे कां निघाले तें पाहूं. बलाढ्य कंपनीनें प्रत्येक गिऱ्हाइकाकडून वर्षाकाठीं चार-पांच पौंड अन्यायानें उकळले, तर तेवढ्यासाठीं कोर्टाची पायरी कोण चढेल? वकिलाची फीच त्याच्या शंभरपट व्हावयाची. गिऱ्हाईक गप्प बसतें, आणि थेंबाथेंबानें कंपनीचें तळें भरतें. यावर १ ऑक्टोबर २०१५ पासून ब्रिटनमध्यें एक उपाय अमलांत आला. एका प्रतिनिधीनें सर्वांच्या वतीनें 'कॉम्पिटिशन अपील ट्रायब्यूनल'पुढें दावा मांडावयाचा. आणि ट्रायब्यूनलनें तशी परवानगी दिल्यास, देशांत राहणारा जो कोणी 'मला यांत धरूं नका' असें कळविणार नाहीं, तो आपोआप त्यांत आला. आमच्या वाचकांस ही कल्पना अगदींच परकी वाटूं नये. एकत्र कुटुंबाचा कर्ता कोर्टांत उभा राहिला म्हणजे परगांवीं नोकरीस असलेला धाकटा भाऊ व पाळण्यांतलें मूल हीं दोघेंही त्या निकालानें बांधलीं जातात. मात्र कर्त्यास घरचीं माणसें ठाऊक असतात!

या प्रकारचा सर्वांत गाजलेला दावा वॉल्टर मेरिक्स यांचा, मास्टरकार्डविरुद्धचा. कार्डानें पैसे स्वीकारणाऱ्या दुकानदारास प्रत्येक व्यवहारामागें जी बँकांची आकारणी सोसावी लागे, ती ठरविण्याची मास्टरकार्डची रीत स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे, असा निर्णय युरोपियन कमिशननें डिसेंबर २००७ मध्यें दिला होता. मेरिक्स यांचें म्हणणें असें कीं, दुकानदारांनीं तो भार मालाच्या किंमतींवर चढविला. सबब १९९२ ते २००८ या काळांत ज्यानें ज्यानें ब्रिटनमध्यें खरेदी केली, मग ती रोखीनें कां असेना, त्या प्रत्येकास भुर्दंड बसला. अशीं माणसें सुमारें ४ कोटी ६० लक्ष, आणि मागणी सुमारें १४०० कोटी पौंडांची! २०१६ सालीं दाखल झालेला हा दावा ट्रायब्यूनलनें २०१७ मध्यें उंबरठ्यावरूनच परत लावला. परंतु डिसेंबर २०२० मध्यें सुप्रीम कोर्टानें बहुमतानें ठरविलें कीं, नुकसान मोजणें अवघड आहे एवढ्यासाठीं दार लावतां येत नाहीं.

बॅरिस्टराचा कस लागतो तो या मोजण्यांत. गैरप्रकार घडलाच नसता तर भाव काय राहिला असता? न घडलेल्या जगाचा हा जमाखर्च उभयपक्षांचे अर्थशास्त्रज्ञ मांडतात, आणि तो पचवून त्यांतील वर्म हुडकण्यांत बॅरिस्टराचे महिनेच्या महिने जातात. न्यायासनावर तिघे, त्यांत अर्थशास्त्राचा जाणकारही बसलेला असतो. तेथें वक्तृत्वाची आतषबाजी फारशी उपयोगी पडत नसावी.

आणखी एक गोष्ट आम्हांस मौजेची वाटली. मेरिक्स यांच्या बॅरिस्टरांत श्रीमती मेरी दिमित्रिऊ या होत्या, तर मास्टरकार्डची बाजू मार्क हॉस्किन्स यांनीं लढविली. पुढें ॲपल कंपनीवर तिच्या ॲप-दुकानाच्या दलालीबद्दल असाच दावा झाला, तेव्हां हॉस्किन्स गिऱ्हाइकांच्या बाजूस, व दिमित्रिऊबाई ॲपलच्या! यास कोणी दुटप्पीपणा म्हणेल. परंतु इंग्लिश बॅरिस्टरांचा जुना दंडक टांग्याच्या अड्ड्यासारखा आहे: रांगेंत पुढें असलेल्या टांगेवाल्यानें उतारूचें तोंड पाहून भाडें नाकारावयाचें नाहीं. ऑक्टोबर २०२५ मध्यें ट्रायब्यूनलनें निकाल गिऱ्हाइकांच्या बाजूनें दिला. ३० टक्क्यांपर्यंतची दलाली अवाजवी ठरली. वितरणासाठीं साडेसतरा टक्के रास्त धरण्यांत आले.

प्रत्येक दावा असा फळत नाहीं. ब्रिटिश टेलिकॉमवरील दाव्यांत डिसेंबर २०२४ मध्यें ट्रायब्यूनलनें दर जास्त ठरविले, पण अन्याय्य ठरविले नाहींत. दावा फेटाळला गेला. मास्टरकार्डचा दावा अखेर २० कोटी पौंडांवर मिटला. कोठें १४०० कोटी, कोठें २०! त्यांतील १० कोटी लोकांसाठीं राखले, माणशीं फार तर ७० पौंड. गंमत अशी कीं, दाव्यास भांडवल पुरविणाऱ्या संस्थेनेंच या तडजोडीस कडाडून विरोध केला. रेल्वेच्या तिकिटांबद्दलच्या एका दाव्यांत एका कंपनीशीं कमाल अडीच कोटी पौंडांची तडजोड झाली. प्रवाशांनीं मागून नेले सुमारें २ लक्ष १६ हजार. मग हा खटाटोप कोणासाठीं, असें वाचक विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. म्हणूनच अशा दाव्यांत ट्रायब्यूनलच्या मंजुरीवांचून तडजोड होत नाहीं. ती मंजुरी मागतांना, खटला चालविला असता तर काय पदरांत पडतें, हें बॅरिस्टरास खरेंखरें सांगावें लागतें. ज्यानें कालपर्यंत दावा भक्कम म्हणून सांगितला, त्यानेंच आज त्याचीं भोकें दाखवावयाचीं, आणि तींही ज्यांचीं तोंडें कधीं पाहिलीं नाहींत त्या अशिलांच्या हितासाठीं! आमच्या मतें उलटतपासणीपेक्षां हें काम कठीण.

आपल्याकडेही १९०८ च्या दिवाणी संहितेंत एकानें अनेकांच्या वतीनें दावा लावण्याची सोय आहे, आणि २००२ च्या स्पर्धा कायद्यांत अनेकांकरितां भरपाई मागण्याचें कलम आहे. दिवाणी दाव्यांत संबंधितांस प्रत्येकीं नोटीस पोंचविणें शक्य नसेल तर ती जाहिरातीनें द्यावी लागते. वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावरील तो बारीक टाइप आमच्या वाचकांपैकीं कितीजण वाचतात, कोण जाणे.