रामकृष्ण मिशन : संन्यास आणि सेवा

संन्यासी म्हटला की गृहस्थाच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. अंगावर भगवी छाटी, हाती दंडकमंडलू आणि व्यवहाराकडे कायमची फिरविलेली पाठ. अशा विरक्त पुरुषाने परक्या रुग्णाचे मलमूत्र काढावे, दुष्काळात धान्य वाटीत फिरावे आणि पैपैचा हिशेब लोकांपुढे ठेवावा, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुष्कळांना विपरीत वाटली. रामकृष्ण संघाने ती आचरणात कशी आणली, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

श्रीरामकृष्ण परमहंसांनी कलकत्त्याजवळील काशीपूरच्या बागेत १६ ऑगस्ट १८८६ रोजी देह ठेविला. त्यांच्या मागे राहिले ते मूठभर तरुण शिष्य. वराहनगर येथील एका पडक्या घरात त्यांनी मठ थाटला. खाण्यापिण्याची ददात, परंतु जपध्यानाला खंड नाही, अशी ती वर्षे गेली. मात्र गुरूंनी एकदा काढलेले उद्गार त्यांतील नरेंद्रनाथ दत्तांच्या मनात खोल रुजले होते. जीवावर दया करणारा मनुष्य कोण? जीव हाच शिव जाणून त्याची सेवा करावी, असा त्या उद्गारांचा आशय होता. दया करणारा उंचावर उभा असतो, सेवा करणारा मात्र पूज्यापुढे वाकतो. पुढील सर्व कार्याचे बीज या भेदात आहे.

हेच नरेंद्रनाथ पुढे स्वामी विवेकानंद झाले. परिव्राजक म्हणून हिंडत असता १८९२ साली ते महाराष्ट्रात आले व पुण्यास लोकमान्य टिळकांच्या घरी काही दिवस राहिले. ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत त्यांचे पहिले भाषण झाले. १८९७ च्या आरंभी ते स्वदेशी परतले, तेव्हा त्यांच्याजवळ कीर्ती होती. तिच्याबरोबर संघटनेवाचून कोणतेही लोककार्य टिकत नाही, हा पश्चिमेत दृढ झालेला विश्वासही होता. १ मे १८९७ रोजी कलकत्त्यात बलराम बसूंच्या घरी भक्त जमले आणि रामकृष्ण मिशनची स्थापना झाली.

तथापि विरोध घरातूनच उठला. सभा, ठराव, कार्यकारी मंडळ ही पाश्चात्य रीत गुरूंच्या शिकवणीशी जुळते काय, अशी शंका गुरुबंधू स्वामी योगानंदांनी उघड बोलून दाखविली. ईश्वरदर्शन हे साध्य असता लोकसेवेत गुंतणे म्हणजे नव्या प्रपंचात पडणे नव्हे काय? प्रश्न खोटा नव्हता. त्याचा निकाल वादाने लागला असे म्हणवत नाही; तो कृतीने लागला.

त्याच सुमारास स्वामी अखंडानंद मुर्शिदाबाद जिल्ह्यात गंगेच्या काठाने पायी चालले होते. वाटेत एक मुसलमान मुलगी रडत उभी असलेली त्यांना दिसली. तिची पाण्याची घागर फुटली होती आणि घरी नवी घेण्याची ऐपत नव्हती. स्वामींनी तिला नवी घागर घेऊन दिली, खाऊ दिला. तोच आणखी भुकेली माणसे भोवती गोळा झाली. सारा मुलूख दुष्काळाने पोळला होता. अखंडानंदांचे पाऊल पुढे पडेना. महुला गावी त्यांनी अन्नछत्र उघडले व विवेकानंदांनी कलकत्त्याहून साह्य पाठविले. संघाच्या संघटित दुष्काळनिवारणाचा प्रारंभ तो हाच.

१८९८ साली कलकत्त्यात प्लेगची धास्ती पसरली. मुंबई-पुण्याने जो हाहाकार नुकताच अनुभविला होता, त्याच्या वार्तेनेच लोक शहर सोडू लागले. पैसा नसेल तर मठासाठी नुकतीच घेतलेली जमीनसुद्धा विकू, असे विवेकानंदांनी बोलून दाखविले. तशी वेळ आली नाही. पुढच्या वर्षी स्वामी सदानंद सफाई कामगारांसह गलिच्छ वस्त्यांत उतरले, तर भगिनी निवेदितांनी स्वतः झाडू हाती धरला.

काशीस १९०० साली काही तरुणांनी रस्त्यावर पडलेल्या निराधार रुग्णांची शुश्रूषा आरंभिली. त्यांच्या संस्थेच्या नावात ‘साहाय्य’ अशा अर्थाचा शब्द होता. विवेकानंदांनी त्याजागी ‘सेवा’ हा शब्द सुचविला, आणि १९०२ मध्ये ती संस्था मिशनकडे आली. हरिद्वारजवळ कनखल येथे १९०१ मध्ये स्वामी कल्याणानंदांनी आजारी साधूंसाठी सेवाश्रम काढला. तेथे रुग्णांची घाण स्वहस्ते उपसणाऱ्या या संन्याशांना सनातनी साधू हिणवीत व पंक्तीस घेत नसत. पुढे ऋषिकेशच्या धनराज गिरी या मान्यवर महंतांनीच त्यांचा गौरव केला, तेव्हा तो बहिष्कार गळून पडला.

बेलूर मठाची प्रतिष्ठापना ९ डिसेंबर १८९८ रोजी झाली होती. ४ जुलै १९०२ रोजी विवेकानंदांनी अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी देह ठेविला. आता संघ विस्कळित होईल, ही भीती अनाठायी नव्हती. परंतु अध्यक्ष स्वामी ब्रह्मानंद आणि सचिव स्वामी शारदानंद यांनी त्याची घडी बसविली. १९०९ साली मिशनची कायदेशीर नोंदणी झाली. साधनेचा व धर्मप्रचाराचा भार मठाकडे, रुग्णालये, शाळा व संकटनिवारण मिशनकडे आणि दोहोंचे हिशेब वेगळे, अशी व्यवस्था ठरली. राजकारणापासून अलिप्त राहण्याचा नियम तर आरंभापासूनच होता. त्याची किंमत लहान नव्हती. राष्ट्रीय चळवळीत पडू इच्छिणाऱ्या निवेदितांना १९०२ मध्येच संघाशी असलेला औपचारिक संबंध सोडावा लागला. पारतंत्र्यात हे मौन कित्येकांना खटकले, परंतु या मर्यादेमुळेच सेवेची दारे सर्व पक्षांच्या माणसांना खुली राहिली.

महाराष्ट्रात मुंबईस १९२३ आणि नागपुरास १९२८ साली केंद्रे निघाली. आज देशात व परदेशांत मिळून दोनशेहून अधिक केंद्रे आहेत. स्वामी योगानंदांची शंका मात्र अद्याप जुनी झालेली नाही. संस्था वाढली की इमारती वाढतात, वह्या वाढतात, आणि रुग्णातील शिव नजरेआड होण्याचा धोकाही वाढतो. महुल्याच्या वाटेवर अखंडानंदांना कोणताही ठराव थांबवू शकला नसता. त्यांना थांबविले ते एका फुटक्या घागरीने. ही जाण जोवर शाबूत आहे, तोवर सेवा ही साधनाच राहते.