बालपणाची कैफियत

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, पश्चिमेकडच्या रखरखीत मुलखात, डार्लिंग नदीकाठी विल्कॅनिया नावाचे एक लहानसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात लोकरीच्या गठ्ठ्यांनी लादलेल्या आगबोटी या बंदरास लागत; परंतु ज्या बार्किंजी लोकांची ही नदी, त्यांच्या पदरात त्या भरभराटीतून जमिनीचा अपहार, दारिद्र्य आणि दारू एवढेच पडले. या गावात वाढलेल्या एका मूलनिवासी मुलाने वडिलांना आईवर चाकूने वार करताना पाहिले, अक्षरओळख त्याला कधी झाली नाही, बाराव्या वर्षापासून बालसुधारगृह आणि तेराव्या वर्षापासून दारू यांची संगत त्याला जडली, आणि पुढे वयात आल्यावर आयुष्याचा बराच काळ त्याने तुरुंगातच काढला. जानेवारी २०११ मध्ये तो ब्रोकन हिलच्या तुरुंगात कच्चा कैदी होता. भेटीस येणाऱ्या माणसांची वेळ टळेल या काळजीवरून वाद वाढला, आणि त्याने पूल खेळाचे टणक चेंडू पहारेकऱ्यांवर भिरकावले. त्यांपैकी एका पहारेकऱ्याचा डोळा कायमचा गेला.

खालच्या न्यायालयाने त्यास एकूण सव्वासहा वर्षांची शिक्षा फर्मावली. ती अपुरी आहे म्हणून सरकार पक्षाने अपील केले, आणि राज्याच्या फौजदारी अपील न्यायालयाने ती साडेसात वर्षांवर नेली. तेथे असा विचार मांडला गेला की काळ लोटतो आणि गुन्ह्यांची यादी लांबत जाते, तसतसे बालपणीच्या हालअपेष्टांचे वजन शिक्षा ठरविताना कमी होत गेले पाहिजे. व्यवहारी माणसास हे पटण्यासारखे वाटते. किती दिवस लहानपणाचे नाव सांगणार, असे आपणही म्हणतोच. तथापि देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे तेथील हायकोर्टाने, २ ऑक्टोबर २०१३ रोजी हा विचार नामंजूर केला आणि प्रकरण फेरनिर्णयासाठी परत पाठविले. ‘बग्मी’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या निकालाचे सार असे, की खोल वंचिततेचे परिणाम काळाने विरत नाहीत. माणूस कितव्यांदा कठड्यात उभा राहिला आहे हे न पाहता, प्रत्येक वेळी त्या वंचिततेस तिचे पूर्ण वजन मिळाले पाहिजे.

मात्र पूर्ण वजन म्हणजे हमखास सूट नव्हे, आणि या निकालाचा खरा कस मला येथेच दिसतो. ज्याने मारहाणीखेरीज रागाची दुसरी भाषा कधी ऐकलीच नाही, त्याचा नैतिक दोष, सुरक्षित घरात वाढलेल्या माणसाने तेच कृत्य केले असता जेवढा ठरेल, त्याहून कमी ठरतो. पण तोच हिंसेचा आवेग त्याला आवरत नसेल, तर समाजाच्या संरक्षणाचा मुद्दाही त्याच कारणाने बळावतो. एकच बालपण पारड्याच्या दोन्ही बाजूंना पडते. ही अडचण न्यायमूर्तींनी झाकली नाही.

त्याच दिवशी ‘मुंडा’ या दुसऱ्या खटल्यातही निकाल लागला. तेथे आरोपी मूलनिवासी होता, आणि त्याच्या हातून मरण पावलेली त्याची जोडीदारीणही मूलनिवासीच होती. वस्तीत दारू आणि मारझोड नित्याची आहे एवढ्यावरून अशा गुन्ह्याची गंभीरता कमी मानली, तर त्या वस्तीतील स्त्रियांना कायद्याचे संरक्षण इतरांपेक्षा कमी आहे असे म्हटल्यासारखे होईल, ही न्यायालयाची भूमिका मला बिनतोड वाटते. त्या खटल्यात वाढविलेली शिक्षा कायम राहिली.

माझा मतभेद आहे तो पुराव्याच्या प्रश्नावर. मूलनिवासी समाजाचा सामुदायिक इतिहास न्यायालय आपणहून गृहीत धरणार नाही. प्रत्येक आरोपीने स्वतःची वंचितता स्वतंत्र पुराव्याने शाबित करावी, असे ऑस्ट्रेलियाचे हायकोर्ट म्हणते. कॅनडाने याहून निराळी वाट धरली. तेथील फौजदारी संहितेत १९९६ साली असे कलम आले, की तुरुंगाखेरीज जे जे वाजवी उपाय असतील त्यांचा आधी विचार व्हावा, आणि मूलनिवासी आरोपींच्या परिस्थितीकडे विशेष लक्ष द्यावे. १९९९ च्या ‘ग्लॅड्यू’ निकालाने त्या कलमात प्राण फुंकला; २०१२ च्या ‘इपीली’ निकालाने तर स्पष्ट बजावले, की वसाहतवाद, विस्थापन आणि मुलांना आईबापांपासून तोडून नेणाऱ्या निवासी शाळा यांची दखल न्यायाधीशांनी घेतलीच पाहिजे. शिक्षेपूर्वी तयार होणाऱ्या ‘ग्लॅड्यू अहवाला’त आरोपीचे घराणे, वस्ती आणि शाळा यांची तपशीलवार हकीकत येते. जो इतिहास राज्यानेच घडविला, तो राज्याच्याच न्यायालयात निरक्षर माणसाने दरखेपेस नव्याने सिद्ध करावा, ही अपेक्षा अन्याय्य आहे. म्हणून कॅनडाची रीत मला अधिक न्याय्य वाटते. ती अपुरी मात्र आहे. कॅनडाच्या लोकसंख्येत मूलनिवासी शेकडा पाच, आणि संघराज्याच्या तुरुंगांत तीस टक्क्यांच्या वर. ऑस्ट्रेलियातही कैद्यांत त्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश आहे. न्यायाधीशाच्या टेबलापर्यंत माणूस पोहोचण्याआधीच बहुतेक सारे घडून गेलेले असते.

हे सारे परमुलखाचे म्हणून आपल्याला बाजूस सारता येणार नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि त्यांच्यासाठी सोलापुरास काटेरी तारांची वसाहत उभी केली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण या विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तुरुंग-नियमांवर आपल्या सर्वोच्च न्यायालयास ऑक्टोबर २०२४ मध्येही कोरडे ओढावे लागले. फाशीच्या प्रकरणांत आरोपीच्या कौटुंबिक व सामाजिक पार्श्वभूमीची माहिती खटल्याच्याच पातळीवर गोळा करावी, असा आदेश त्याच न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे. फाशीखालच्या शिक्षांना मात्र ते बंधन लागू नाही. तरी दोष शाबित झाल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकण्याची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि आजच्या संहितेतही आहे. पारधी वा फासेपारधी मुलाची वकीलपत्रे घेणाऱ्या तालुक्याच्या वकिलांना माझी एवढीच विनंती आहे, की ‘दया दाखवावी’ एवढ्या दोन शब्दांवर ती वेळ घालवू नका. तो कोठे जन्मला, कोणत्या शाळेतून हाकलला गेला, पहिल्यांदा पोलिसांनी त्याला उचलले तेव्हा त्याचे वय काय होते, हे सारे लेखी द्या आणि दफ्तरी नोंदवून घ्या.