डॉगवूड लावताय? आधी ठरवा, फांद्या हव्यात की फुलं!

लंडन किंवा न्यू जर्सीत तुमची बाग आहे? पानगळीनंतर ती ओकीबोकी दिसते? मग डॉगवूड लावा. पण आधी झुडूप हवंय की झाड, ते ठरवा.

झुडूप : हिवाळ्यात 'सिबिरिका'च्या फांद्या लालभडक, तर 'फ्लॅविरामिया'च्या पिवळट हिरव्या दिसतात. हा रंग कोवळ्या फांद्यांवरच खुलतो. म्हणून लावल्यावर पहिली दोन वर्षं वाढू द्या. नंतर मार्चमध्ये, पालवी फुटण्याआधी, जुन्या फांद्या बुडापासून छाटा. जागा उन्हाची हवी.

झाड : 'कूसा'ला जूनच्या सुमारास पांढरा बहर येतो, पुढे लाल फळं धरतात आणि पानगळीआधी पानंही लालसर होतात. याची मात्र अशी छाटणी नको, नाहीतर बहरालाच मुकाल!