प्रागमधल्या दोन सुटकेस

लेक शिकायला ड्रेस्डेनला गेल्यापासून माझं एकच टुमणं होतं, एकदा येऊन तुझी खोली बघणार. गेल्या सप्टेंबरात तो योग आला. २३ किलोची बॅग. त्यात गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, दोन लोणची आणि बेसनाचे लाडू. माझे कपडे उरल्यासुरल्या जागेत. वाण्याच्या काट्यावर तीनदा बॅग चढवली-उतरवली, तेव्हा हे म्हणाले, "अगं, तिथे दुष्काळ पडलाय का?" पण मैत्रिणींनो, आईची बॅग अशीच भरते. तुम्हाला काय सांगायचं!

आठवड्याने लेक म्हणाली, "आई, शनिवार-रविवार प्रागला जाऊ." प्राग म्हणजे चेक प्रजासत्ताकाची राजधानी. ड्रेस्डेनहून रेल्वेने जेमतेम अडीच तास. शेंगेन व्हिसा तिथेही चालतो, त्यामुळे सीमा कधी ओलांडली ते कळलंसुद्धा नाही. खिडकीशेजारून वाहणाऱ्या नदीचं नाव तेवढं बदलतं. जर्मनीतली एल्ब चेकमध्ये लाबे होते. प्राग तासाभरावर आलं तेव्हा आम्ही लाडवांचा डबा उघडला. पलीकडच्या सीटवरच्या आजींनाही एक दिला. त्यांनी तो आधी हुंगला आणि मग डोळे मिटून खाल्ला.

प्रागचं जुनं शहर पायी फिरण्याजोगं आहे, पण रस्ते दगडी. माझ्या नव्या सँडल्सनी दुपारीच मान टाकली, तेव्हा जाणाऱ्यांनी साधे कॅनव्हासचे बूटच न्यावेत. चलनही वेगळं, युरो नव्हे तर कोरुना. ट्रामचं कागदी तिकीट नुसतं खिशात ठेवून भागत नाही, यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो.

चार्ल्स पुलावर मात्र पायदुखी विसरले. चौदाव्या शतकातला हा दगडी पूल आणि त्याच्या दोन्ही कडांना ३० पुतळे. सम्राट चौथा चार्ल्स याने म्हणे ज्योतिषाला विचारून पायाभरणी केली. १३५७ साल, नववी तारीख, सातवा महिना, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं. हे आकडे ओळीने लिहून बघा, १-३-५-७-९-७-५-३-१. मुहूर्ताचं वेड फक्त आपल्यालाच आहे असं कोण म्हणतं? दुसरी आख्यायिका अंड्यांची. चुना घट्ट व्हावा म्हणून गावोगावहून अंडी मागवली होती. वेल्वरी गावच्या लोकांनी ती वाटेत फुटू नयेत म्हणून चक्क उकडून पाठवली! आमच्या बचत गटात हा किस्सा सांगितला तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली.

पुलावरच्या एका पुतळ्याच्या चौथऱ्याला लोक हात लावतात, म्हणून तिथला धातू चकचकीत झालाय. तो नेपोमुकचा संत जॉन. त्याला १३९३ मध्ये याच पुलावरून नदीत फेकून मारलं. राणीने सांगितलेलं गुपित राजाला सांगायला त्याने नकार दिला, अशी कथा आहे. मीही हात लावला. बायकांचं गुपित राखणारा पुरुष, सोडायचा कसा?

चौकातलं १४१० सालचं खगोलीय घड्याळ मला तितकंसं भावलं नाही. तासाचा ठोका पडायची वेळ झाली की तिथला सांगाडा दोरी ओढतो, वरच्या खिडकीतून येशूचे शिष्य सरकत जातात, शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभरात खेळ खलास, आणि गर्दी अशी की लोकांच्या मोबाइलच्या फटीतून बघायचं. जेवायला शाकाहारी म्हणून तळलेलं चीज आणि बटाटे मिळाले. दुसऱ्या वेळेलाही तेच.

खरं तर लेकीला आधी दाखवायचं होतं ते पिंकस सिनेगॉग. सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. पण दार बंद! शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा वार, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन दिवसांसाठी जाणाऱ्यांनी ही जागा रविवारी ठेवावी. रविवारी सकाळी आम्ही परत गेलो.

आत मूर्ती नाही की चित्र नाही. भिंतींवर नुसती नावं. नाझींनी मारलेल्या बोहेमिया आणि मोराव्हियातल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावं, त्यांची गावं, जन्मतारखा. ती पहिल्यांदा १९५० च्या दशकात लिहिली. १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, त्यानंतर सिनेगॉग बंद झालं आणि भिंतींवरची नावंही गेली. १९८९ मध्ये साम्यवादी राजवट पडली. मग १९९२ ते १९९६ या काळात सगळी नावं पुन्हा हाताने लिहून काढली. आधी मी चष्मा लावून एकेक वाचू लागले. एकाच आडनावाखाली सात-आठ नावं दिसली की आजी-आजोबांपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळं घर उभं राहायचं. थोड्या वेळाने वाचणं थांबवलं.

वरच्या मजल्यावर मुलांची चित्रं आहेत. प्रागच्या उत्तरेला ६० किलोमीटरवर तेरेझीन नावाचं किल्ल्याचं गाव आहे. १९४१ पासून नाझींनी तिथे ज्यूंना कोंडलं. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही व्हिएन्नात जन्मलेली चित्रकार डिसेंबर १९४२ मध्ये तिथे आली. सोबत माणशी ५० किलो सामान नेता येई. तिने त्यात कागद, रंग असं चित्रकलेचं साहित्य भरलं. शाळा भरवायला बंदी होती, पण मुलांना ती चित्रं काढायला शिकवायची. कागद संपले तेव्हा वापरलेल्या कागदांच्या मागच्या बाजू, वेष्टनं, चिठोऱ्या, मिळेल त्यावर. मुलांनी काढलं काय, तर फुलपाखरं, घर, जेवणाचं टेबल, सर्कस. आणि प्रत्येक चित्रावर मुलाने आपलं नाव लिहायचंच, असा तिचा आग्रह.

सप्टेंबर १९४४ मध्ये तिच्या नवऱ्याला तिथून हलवलं. त्याच्यामागे जायला तिने आपणहून नाव दिलं. निघण्यापूर्वी साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली. ऑक्टोबरमध्ये ऑश्विट्झला तिला मारलं. नवरा वाचला. १९४५ मध्ये तेरेझीनमधल्या मुलींच्या वसतिगृहाचे प्रमुख विली ग्रोग यांनी त्या सुटकेस प्रागला आणून दिल्या. चित्रं काढणाऱ्या बहुतेक मुलांना मारून टाकलं होतं.

एका चित्रासमोर मी बराच वेळ उभी होते. लेकीने हात धरला, "आई, चल ना." आता खरं सांगते. आमच्या वस्तीत मी चौदा वर्षं मुलांचा चित्रांचा वर्ग घेते. कागद देते, रंग देते, बक्षिसाला पेन देते. मुलं नाव घालत नाहीत आणि मी कधी म्हटलंही नाही की घाला. कपाटात जागा हवी म्हणून दर दिवाळीला गठ्ठे रद्दीत घालते. चौदा वर्षांत एकही चित्र ठेवलेलं नाही. वर्गातल्या दोन मुली तर आता लग्न होऊन दूर गेल्या आणि एक मुलगा नदीत बुडून गेला. त्याच्या आईने एकदा विचारलं होतं, "ताई, त्यानं काढलेलं काही हाय का?" तेव्हा मी "बघते" म्हणाले होते.

बाहेर आलं की लगेच जुनी दफनभूमी लागते, दगडांना दगड चिकटलेले. तिथेच बाकावर बसून मदतनीस ताईंना फोन लावला. तिकडे दुपार होती. "कपाटातला गठ्ठा रद्दीवाल्याला देऊ नका." त्या म्हणाल्या, "एवढं सांगायला परदेशातून फोन?" मी म्हटलं, "हो. आणि मंगळवारी पोरांना सांगा, चित्राखाली नाव लिहायचं. ज्यांना येत नाही त्यांचं तुम्ही विचारून लिहा."

संध्याकाळच्या गाडीने परतलो. लेकीने मोबाइलवर नकाशा उघडून ठेवला होता. तेरेझीनला नेणाऱ्या गाड्या आधी बोहुशोवित्से या स्टेशनावर थांबत आणि तिथून माणसं सामान घेऊन तीनेक किलोमीटर चालत जात. १९४३ मध्ये रूळ थेट आतपर्यंत टाकले. फ्रीडल त्याआधीची, म्हणजे चालतच गेली असणार, कागदांचं आणि रंगांचं ओझं घेऊन.

आमची गाडी तिथे थांबली नाही. फलाट आला आणि गेला. काल जाताना इथेच कुठेतरी आम्ही लाडवांचा डबा उघडला होता.